बाबांचा गाळा की नोकरी? सोमवारपर्यंत सांगायचंय, मदत हवी

लेथवाल्याचा_मुलगा:
रबाळे एमआयडीसीत बाबांचा गाळा आहे, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणं. मला ऐरोलीतून ऑफर आलीये. बाबा म्हणतात, "भागीदारीचं डीड तयार आहे, सही कर." काय करू? ज्ञान नको, लवकर सांगा.

ठाणेकर७६:
शिक्षण? पगार? मशिनं किती? गाळा स्वतःचा का? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

लेथवाल्याचा_मुलगा:
बीई मेकॅनिकल. साडेचार लाख. २ सीएनसी, १ व्हीएमसी. गाळा भाड्याचा.

वागळे_इस्टेट:
नोकरी धर बाबा. २५ वर्षं हेच केलंय. कायद्यात बिलाचे पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, पण पार्टीला नव्वदाव्या दिवशी फोन लावला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत".

हिशेबनीस:
आयकराचं ४३बी(एच) कलम आल्यापासून वेळेत देतात की. उशीर केला तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही त्यांना.

वागळे_इस्टेट:
हो, आणि मग पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. तुम्ही एसीत बसून बोला.

हिशेबनीस:
असो. मूळ मुद्दा. भागीदारीत देणं घरादारापर्यंत येतं, एलएलपीचा, म्हणजे मर्यादित देण्याच्या भागीदारीचा विचार करा. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार नवा भागीदार आधीच्या देण्याला आपोआप बांधील होत नाही, पण डीडमध्ये काय लिहिलंय ते वाचा. पॅन बदलला की जीएसटी नंबरही नवा. बँकेच्या कागदावर तुमची सही नाही ना कुठे?

लेथवाल्याचा_मुलगा:
आहे. व्हीएमसीच्या लोनला सहअर्जदार. दिवाळीच्या आधी बाबा म्हणाले "इथं कर", केली.

ठाणेकर७६:
हे आत्ता सांगतोस होय!

हिशेबनीस:
मग नोकरी घेतलीत तरी हप्ता थकला की बँक तुम्हालाच धरणार. आधी किती बाकी आहे ते विचारा, डीड नंतर.

कळवा_लोकल:
ठाण्याहून ऐरोलीला जायचं असेल तर ट्रान्स-हार्बर पकड, दिघा गावच्या पुढचंच स्टेशन. रोडने ऐरोली नाक्यावर सडशील.

ठाणेकर७६:
त्याने रस्ता विचारलाय का?

सुगरण_नेरूळ:
आई काय म्हणते?

लेथवाल्याचा_मुलगा:
आई बिलं बनवते, ती म्हणते नोकरी कर. पण शनिवारी गाळ्यात गेलो की माप घ्यायचा व्हर्नियर मलाच वाचायला देतात. बाबांना त्या बारीक रेषा दिसत नाहीत आता. कामगारांसमोर म्हणतात, "पोराला शिकवतोय."

वागळे_इस्टेट:
डिजिटल व्हर्नियर घे ना. चांगला हवा असेल तर व्यनि कर, माझ्याकडे एक पडून आहे.