नाला ठणठणीत कोरडा, मग काठची झाडं हिरवी कशी? (पेंच)

वाडीवाला: मे महिन्यात सिल्लारी गेटने पेंच व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो. साग पार उघडा पडलेला, धावडा-सालईचे नुसते खराटे. पण नाला आला की एकदम हिरवंगार! नाल्यात थेंब नाही, सगळी वाळू. ही झाडं पाणी पितात कुठून? जनावरंही तिथेच दिसली. जिप्सीवाला म्हणे, सावलीसाठी. एवढंच का?

रामटेकचा_बापू: थेंब नाही कसा, भाऊ? वाळूखाली आहे ना! आपल्याकडचा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. टेकडीवर माती पातळ, खाली मुरूम. तिथली ओल टिकत नाही, म्हणून साग पानं झाडून मोकळा होतो. नाल्याची वाळू नि पुराने टाकलेला गाळ मात्र पाणी धरून ठेवतो. अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर यांची मुळं तिथवर पोचतात. रानडुक्कर वाळू उकरतं, खळग्यात पाणी झिरपतं, मग बाकीचेही येतात प्यायला.

अर्जुनाचं फळ कधी हातात घेऊन पाहा (जंगलातलं नको, शहरातही लावलेले अर्जुन आहेत). लाकडासारखं टणक, पाच उभे पंख. पुरात वाहत जातं, गाळात अडकतं नि तिथेच रुजतं. काठाने रांग लागते ती अशी.

सावली आहेच, पण पोटाचंही बघा. उंबराला वर्षात कधीही फळं धरतात. वानरं वर बसून अर्धं खातात, अर्धं सांडतात. खाली चितळं तयारच. आणि चितळं असली की वाघ लांब नसतो.

धरमपेठ_७: बापू, मग तिथल्याच तोतलाडोह धरणाच्या काठाला अशी झाडी का नाही? तिथे तर बारमाही पाणी.

रामटेकचा_बापू: कारण धरणाचा काठ एका जागी राहतच नाही. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात पार मागे जातं. महिनोन्‌महिने बुडून कोणतं रोपटं तगणार? पाणी ओसरलं की ओल्या गाळावर कोवळं गवत येतं, चितळ नि गवे त्यावर तुटून पडतात. चरणाऱ्यांची चंगळ झाली, नाही म्हणत नाही. पण धनेशाला अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते आणि पोटाला उंबर-वड. ते गवतात कुठून मिळणार? लोक धरणाच्या पाण्याचे फोटो काढतात. मला विचाराल तर जिप्सी नाल्याजवळ थांबवायला सांगा.