मदत हवी आहे: ज्यांनी काम शिकवलं, त्यांनाच फोनबद्दल कसं सांगू?

नमस्कार. मी दीड वर्षापूर्वी एका तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू झाले. शेजारच्या टेबलावर एक अव्वल कारकून बसतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. सगळे त्यांना काका म्हणतात.

टिपणी कशी मांडायची, संचिकेला पृष्ठांक कसे घालायचे, आवक-जावक नोंदी कशा ठेवायच्या, हे मला त्यांनी शिकवलं. माझ्या पहिल्याच टिपणीवर साहेबांनी शेरा मारून ती परत पाठवली, तेव्हा काका ऑफिस सुटल्यावर तासभर थांबले आणि माझ्याकडून ती नव्याने लिहून घेतली. म्हणून हे लिहिताना जड जातंय.

अडचण त्यांच्या मोबाइलची आहे. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. रोज अकराच्या सुमारास नातवाचा व्हिडिओ कॉल येतो, आणि नेमकी तीच लोकांच्या गर्दीची वेळ. गेल्या मंगळवारी निराधार योजनेच्या एक आजी हयातीचा दाखला घेऊन आल्या होत्या. कॉल संपेपर्यंत त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या, कागद तसाच पुढे केलेला. शेवटी मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि कागद घेतला. काकांचं लक्षच नव्हतं. माणूस वाईट नाही हो, त्यांनी पाहिलं असतं तर स्वतः उठले असते.

एकदा मी म्हटलं, "काका, आवाज जरा कमी करता का?" "हो गं," म्हणून त्यांनी लगेच कमी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एक सहकारी म्हणतो, सामान्य प्रशासन विभागाचं जुलै 2021 चं परिपत्रक फलकावर लाव. त्यात मोबाइलवर सौम्य आवाजात, सौजन्याने बोलावं, खासगी कॉल बाहेर जाऊन घ्यावेत असं स्पष्ट आहे. पण आमच्या एवढ्याशा ऑफिसात ते कुणासाठी लावलंय हे शिपायापासून सगळ्यांना कळेल. नायब तहसीलदारांकडे जायला तर मन धजतच नाही. आणि गप्प राहिले तर त्या आजींसारखे लोक रोज ताटकळणार, हेही मला सहन होत नाही.

एकटे असताना, चहाच्या वेळी, आजींचा प्रसंग जसा घडला तसा सांगावा असं वाटतंय. "कॉल आला की तुम्ही व्हरांड्यात निवांत बोला, तेवढा वेळ तुमच्या टेबलावरचे लोक मी बघते," असंही म्हणणार आहे. इयरफोन आणून दिले तर त्यांना टोमणा वाटेल का?

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कुणी इथे असतील तर कृपया सांगा: तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलीने हे तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगितलं असतं, तर तुम्हाला लागलं नसतं?