डब्यातलं प्रोटीन: बाळसं की सूज?

इंदिरानगरचा बाबा (धागा)
मुलगी पाच महिन्यांची आहे. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून वरचा डबा, म्हणजे बाळाच्या दुधाची पावडर, सुरू केली. परवा सासूबाई पंचवटीहून आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "बाळ रोड दिसतंय, जास्त प्रोटीनवाला डबा आणा." मेडिकलवाल्याचंही तेच मत, महाग डबा म्हणजे ताकदीचा डबा.

घरी येऊन हिशेब मांडला. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण १ ग्रॅम प्रोटीन असतं, गाईच्या दुधात ३.२ च्या आसपास, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. पाच किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पितं असं धरलं, तर आईच्या दुधातून साडेसात ग्रॅम जातं आणि निव्वळ गाईच्या दुधातून चोवीस. वासराला दोन महिन्यांत दुप्पट व्हायचं असतं, माणसाच्या पिल्लाला एवढी घाई नसते.

युरोपातल्या पाच देशांत हजाराहून अधिक बाळांवर प्रयोग झाला. काहींना कमी प्रोटीनचा डबा, काहींना जास्तीचा. दोन वर्षांची झाली तेव्हा जास्तवाल्यांची उंची तेवढीच होती, फक्त वजन जास्त भरलं. सहाव्या वर्षी लठ्ठ मुलं कमीवाल्यांत ४.४ टक्के, जास्तवाल्यांत १०. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डब्यातल्या प्रोटीनची कमाल मर्यादा खाली आणा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात १०० कॅलरीला ३ ग्रॅमपर्यंत चालतं, युरोपने ती २.५ वर आणली. आणि १०० मिलीचा आकडा डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापा.

पेठ-सुरगाणा पर्यवेक्षिका
दादा, हा हिशेब नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडला ठीक आहे. मी आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाड्या बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने वाळलेली. "प्रोटीनने मूल सुजतं" एवढंच वाक्य पाड्यावर पोचलं, तर पहिलं काय बंद होईल ठाऊक आहे? आदिवासी मुलांना सरकारी अमृत आहार योजनेतून मिळणारं अंडं. आमच्याकडे डबा आलाच तर तो पंधरा दिवस पुरवायचा म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा टाकतात. तिथे कमाल मर्यादा कुणाच्या कामाची?

इंदिरानगरचा बाबा
ताई, अंड्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. सहा महिन्यांनंतर वरण, अंडं, नागलीची पेज द्यायलाच हवी. मी बोलतोय फक्त पहिल्या महिन्यांतल्या डब्याबद्दल. गरजेपेक्षा जास्त गेलेली काही अमिनो आम्लं रक्तात साचतात, त्यातून इन्सुलिन आणि वाढीचे संप्रेरक चढतात आणि चरबी साठते, अशी त्या प्रयोगामागची मांडणी आहे.

गणिताचा मास्तर, सातपूर
मांडणी आहे, ठीक. पण त्याच प्रयोगातलं गाळलंत ते मी सांगतो. सहाव्या वर्षी तपासायला सुरुवातीच्या निम्मीही मुलं आली नाहीत. आणि जास्तीच्या गटाला मिळालं केवढं? पहिल्या डब्यात १०० कॅलरीला २.९ ग्रॅम, पुढच्या महिन्यांच्या डब्यात ४.४. तुमच्या दुकानातल्या डब्यावर किती लिहिलंय ते आधी छापा. १०० कॅलरीला १.९ असेल तर एवढा आरडाओरडा कशाला? शिवाय बीएमआयमधला, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यातला, सरासरी फरक अर्धा अंक. पोराला टीव्हीपुढे बसवून जेवू घालणारे आपण, सगळं खापर डब्यावर फोडू नये.

पंचवटीचे आजोबा
आमची चारही मुलं गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून वाढली. बोंडल्याने पाजलं. एकाला चश्मासुद्धा नाही.

पेठ-सुरगाणा पर्यवेक्षिका
आजोबा, मान आहे तुमचा. पण गाईच्या दुधात लोह नावापुरतं असतं. वर्षाच्या आत तेच मुख्य दूध ठेवलं की रक्त कमी होतं. डोळ्यांनी दिसत नाही एवढंच.

दोन लेकरांची आई, सिडको
तुमची ग्रॅमची भांडणं चालू द्या. मला दुसऱ्याच दिवशी, दूध उतरायच्या आत, दवाखान्यात डबा हातात दिला. "तुमच्याने होणार नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. फुकट होता. बाळांच्या डब्याच्या दुधाबद्दलच्या १९९२ च्या कायद्याने असे नमुने वाटता येत नाहीत, २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या खाण्याची जाहिरातही नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं. १.९ की २.९ हा प्रश्न माझ्यापुढे आलाच नसता. आणि हो, डबा पाजणारी आई गुन्हेगार नसते, हेही कुणीतरी लिहा.

इंदिरानगरचा बाबा
ताई, ते मीच लिहितो. आमच्या घरी त्यावरून रडारड झाली आहे.
मास्तर, बघितलं. आमच्या डब्यावर १.९ च आहे. सासूबाईंनी सुचवलेला २.६. तरी मर्यादेची मागणी सोडत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः वजनाला हलकी, हाडापेराने बारीक, पण चरबी मात्र राखून असतात. अशा बाळाला भराभर "भरवण्याची" मला भीती वाटते.

गणिताचा मास्तर, सातपूर
हा मुद्दा मानला. मर्यादेचा नाही मानला. २.६ वाला डबा विष असल्यासारखं बोलू नका.

पेठ-सुरगाणा पर्यवेक्षिका
मी अजूनही म्हणते, मथळा बदला. "डब्यातलं" हा शब्द लोक वाचत नाहीत, "प्रोटीन" वाचतात आणि पुढे ढकलतात. ते जाऊ द्या. मुलीचं वजन, लांबी किती?

इंदिरानगरचा बाबा
जन्माला २.६ किलो. आता ६.३. लांबी ६३ सेंटीमीटर.

पेठ-सुरगाणा पर्यवेक्षिका
मग रोड कुठे? जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा वाढीचा तक्ता अंगावर पिणाऱ्या बाळांवरून बनवलाय, त्यात दिल्लीचीही बाळं आहेत. त्यावर तुमची लेक मधल्या रेषेच्या जरा खाली, पण हिरव्या, म्हणजे ठीक वाढीच्या पट्ट्यातच आहे. सासूबाईंना तक्ता दाखवा.

इंदिरानगरचा बाबा
दाखवला. म्हणाल्या, "कागद गुटगुटीत आहे, बाळ नाही."