शब्दचर्चा : 'मर्चंट'ला नुसतं व्यापारी म्हणून भागेल का?

खाडीपल्याड : मंडळी, एक लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. माणूस आहे जॉन हॉली, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ बंदराचा, वारला 1408 मध्ये. मूळ लेखात त्याला एका दमात मर्चंट, शिपओनर, मेयर आणि प्रायव्हटीअर (राजाच्या परवानगीने शत्रूची जहाजं लुटणारा) म्हटलंय. गावाचा मेयर चौदा वेळा आणि पार्लमेंटात चार वेळा! मी लिहिलं 'व्यापारी', तर आमच्या घरात वाचून म्हणाले, म्हणजे किराणा दुकान का? आता काय करू सांगा. मेयरला महापौर लिहिलंय, ते तरी चालेल ना?

जुनीवही : महापौर नको हो ताई. सावरकरांनी तो शब्द दिला तो महानगरपालिकेसाठी, आणि डार्टमथ म्हणजे डोंगराच्या कुशीत नदीच्या तोंडावर वसलेलं एवढंसं गाव, 1341 च्या सनदेने त्यांना आपला मेयर निवडायचा हक्क मिळाला इतकंच. नगराध्यक्ष लिहा, हवं तर. पुढे कुठे शेरीफ आला तर मात्र सांभाळून, मुंबईच्या शेरीफला आपण नगरपाल म्हणतो पण ते नुसतं मानाचं पद, तिकडचा त्या काळचा शेरीफ म्हणजे राजाचा वसुलीचा आणि कोर्टकचेरीचा माणूस. ब्रिस्टलला 1373 मध्ये स्वतःचा शेरीफ मिळाला तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती! बेलिफचंही तेच, आपल्याकडे बेलिफ म्हणजे दाराला नोटीस चिकटवणारा, तिकडे काही गावांत तोच कारभारी.

गलबतवाला : मर्चंटला नाखवा म्हणा की! आमच्या अलिबागकडे बोटीचा मालक तो नाखवा, विषय संपला.

जुनीवही : नाखवा म्हटलं की बोटीवर उभा असलेला माणूस दिसतो. ह्याच्याकडे एक नाही, बरीच जहाजं. आजच्या फ्रान्समधल्या बोर्डो बंदरातून दारूची पिंपं आणायची, इकडून कापड न्यायचं, असला धंदा. पेशवाईतल्या पेठेत शेटे-महाजन असायचे ना, त्यातला 'शेटे' मला जवळचा वाटतो, म्हणजे स्वतः व्यापारी आणि पेठेच्या कारभारातही हात. फक्त ते वतन, बापाकडून मुलाकडे जाणारं. हॉलीला दरवेळी निवडून यावं लागायचं, म्हणून तोही तंतोतंत बसत नाही, पण किराणा दुकान तरी डोळ्यापुढे येणार नाही.

खाडीपल्याड : पिंपांवरून आठवलं, जहाज अमुक टनांचं असं येतं तिथे वजन धरायचं का?

गलबतवाला : नाही नाही, तो टन म्हणजे दारूचं मोठं पिंप. एका पिंपात 252 गॅलन, आपल्या हिशेबात साडेनऊशे लिटर. जहाज शंभर टनी म्हणजे अशी शंभर पिंपं मावतील एवढं. वजनाचा टन त्याच शब्दातून आलाय. आपल्याकडे गलबत खंडीवर मोजायचे तसंच, माप धान्याचं पण सांगतात बोटीची ऐपत.

खाडीपल्याड : वा, हे मस्त. मग कस्टमला जकात?

जुनीवही : जकात म्हटलं की आपल्या पिढीला नाक्यावर थांबलेले ट्रक आठवतात. पण जुन्या कागदांत बंदरावरच्या मालावरही जकातच आहे, तेव्हा बिनधास्त लिहा. इंग्लंडात 1275 पासून लोकरीच्या दर पोत्याला साडेसहा शिलिंगांच्या वर, नेमकं सांगायचं तर 6 शिलिंग 8 पेन्स. वसूल करणारा एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा. लंडनच्या बंदरात 1374 पासून हे नजर ठेवायचं काम कवी चॉसरकडे होतं, हिशेबाच्या गुंडाळ्या स्वतःच्या हाताने लिहायच्या अशी अट. भरणा झाला की चामड्याच्या चिठ्ठीवर शिक्का, आणि तो शिक्का दोन तुकड्यांचा, एक तुकडा ह्याच्याकडे एक त्याच्याकडे, दोघं एकत्र आले तरच चिठ्ठी पुरी! त्या चिठ्ठीला मी 'दस्तक' म्हणेन.

गलबतवाला : दस्तक नको. आंग्र्यांचं दस्तक म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, ते नसलं तर जहाज धरायचे. ही तर पैसे भरल्याची पावती. 'जकातीची पावती' लिहा, सरळ.

जुनीवही : मान्य.

खाडीपल्याड : आणि प्रायव्हटीअर? चाचा लिहिलं तर हॉलीचं गाव माझ्यावर चालून येईल 😅

गलबतवाला : चाचा कोणाचाच नसतो, ह्याच्या मागे राजाची परवानगी. पण शत्रूच्या जहाजांबरोबर मित्रांचीही लुटायचा म्हणून 1406 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजाच्या कैदेत, जाऊन बसावं लागलं, म्हणजे ज्याचा माल गेला त्याच्यासाठी तो चाचाच. 'सनदी चाचा' कसं वाटतं?

जुनीवही : सनदी अधिकाऱ्यांनी वाचलं तर?

खाडीपल्याड : 😂 तेच घेते. पण मर्चंटचं अजून अडलंयच. चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर पितळी पत्रा आहे, त्याचा फोटो बघत होते, दोन्ही बाजूंना दोन बायका, एकीचा हात ह्याने हातात धरलेला, आणि अंगावर काय तर चिलखत! वजनकाटा नाही, पिंप नाही. त्याला स्वतःला व्यापारी म्हणून दिसायचंच नव्हतं बहुतेक.

जुनीवही : मग पहिल्या वाक्यात शब्दच नका देऊ. 'डार्टमथचा जॉन हॉली, ज्याची जहाजं बोर्डोहून दारू आणायची आणि वाटेत दुसऱ्यांचीही आणायची', असं लिहा. शेटे दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे.

खाडीपल्याड : 'वाटेत दुसऱ्यांचीही' हे उचललं हं, रॉयल्टी मागू नका.