तुम्ही स्वतःला कोणत्या घरचे समजता? आपल्या खेड्यांतले अनुभव सांगा

१९९९ पासून आपल्याकडे रेशनकार्डाचे तीन रंग झाले : पिवळं, केशरी, पांढरं. पण गावात माणूस मोजतात तो वावरावर, बसायच्या जागेवर, लग्नाच्या बैठकीत. तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं? मनापासून लिहा. सुरुवात मीच करतो.

यवतमाळकडचा. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी होती २ हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत. त्यावरच्यांना काही भागाचीच सूट, तीही बाकीची रक्कम भरली तरच. बाबांची साडेसात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी नि तूर. मामांची साडेचार, पण कॅनॉलखालची, वर्षाला दोन पिकं. मामांचं माफ झालं. बाबांना बँकेत सांगितलं, तुम्ही मोठ्या कास्तकारांत येता. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला टांगली आणि आईला म्हणाले, "आपन मोठे आहो म्हनते." पोळ्याच्या आधी एक बैल विकला. दोन हेक्टर कोरडवाहू आणि दोन हेक्टर ओलीत एकाच मापानं मोजणं हा अन्याय होता, असं मला आजही वाटतं.

सालगड्याची मुलगी, वर्धा जिल्हा

माझे वडील एकाच मालकाकडे एकोणीस वर्षं सालगडी होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं, उचल तेव्हाच मिळायची आणि बहुतेक जुन्या देण्यातच जायची. मालकाच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात वडिलांचा कप उपडा ठेवलेला असे. कानतुटका, निळ्या फुलांचा. चहा वरून ओतायचे, कप वडीलच विसळून ठेवायचे.

आता मी आरोग्यसेविका आहे. मागच्या वर्षी लसीकरणासाठी त्याच घरी गेले. मालकीणबाईंनी खुर्ची दिली, "या ताई" म्हणाल्या. मी दाराजवळ खालीच बसले. पगार माझा, युनिफॉर्म माझा, तरी पाय आपोआप तिकडेच वळले. त्या बाईंचा काही दोष नव्हता. नाश्त्याच्या बशीकडे पाहताना मला तो कोनाडाच दिसत होता.

अकोला जिल्हा, बारा एकर

आमचं घर गावात खातंपितं. धाकट्या भावासाठी पाच वर्षं मुली पाहतो आहोत. मुलीकडचे वावर किती म्हणून विचारतात आणि लगेच पुढचं, "मुलगा नोकरीवर आहे का?" त्या लोकांना नावं ठेवू शकत नाही. माझ्या बहिणीसाठी आम्हीही हेच विचारलं होतं.

नागपुरात शिकणारा, मूळ गडचिरोलीचा

होस्टेलवर पहिल्या आठवड्यात "मले" म्हणालो आणि खोलीतले तिघं हसले. नंतर सहा महिने मी घरी फोन करायला गच्चीवर जात होतो. आईशी "मला" बोललो की ती विचारायची, "तब्येत बरी नाही का रे बापू?"

आईबद्दल, वाशीमकडून

आमची तीन एकर आहे, म्हणून गावात आम्ही कास्तकार. पण तीन एकरांत भागत नाही. आई कापूस वेचायला जायची, तेही शेजारच्या गावात. आपल्या गावात कधीच नाही. पहाटे अंधारात निघायची. लुगड्यावर बाबांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पिशवीत भाकर नि ठेचा. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली असायची, तिथं रात्री खोबरेल लावायची. किलोवर मजुरी. कोणी विचारलंच तर, "भावाकडं जाऊन येतो."

मी लहान असताना मलाही तेच खरं वाटायचं. मामाकडून रोज येते, तर खाऊ का आणत नाही म्हणून एकदा रडलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनं दहा रुपयांचा फुटाण्याचा पुडा आणला.

धागा सुरू करणारा

वाशीमच्या दादा, आमची आईही जात होती. आम्ही तिला मावशीकडे पाठवायचो.