मित्राची गोष्ट ‘मी’ म्हणून गावी की ‘तो’ म्हणून?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी पेटीवर चाली बांधतो आणि स्वतः लिहिलेली गाणी लातूर, औसा, अहमदपूर या भागातील कार्यक्रमांत गातो. मी समलिंगी नाही, माझा चारचौघांसारखा संसार आहे. हे आधीच सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच निघाला आहे. शिकत असताना चार वर्षे माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेला मित्र समलिंगी आहे, हे त्याने मला ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे संमतीने एकत्र येणाऱ्या सज्ञान माणसांना कलम ३७७ खाली गुन्हेगार ठरवता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला त्या संध्याकाळी, फोनवर सांगितले. चार वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो आणि तरीही एवढे सांगायला त्याला निकालाची वाट पाहावी लागली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता तो आणि त्याचा जोडीदार एकत्र राहतात. घर मांडताना त्यांनी स्टीलची दोन ताटे घेतली आणि दुकानातच त्यांवर एकेकाचे नाव घालून घेतले. गावाहून आई येणार असली की जोडीदार चार दिवस दुसरीकडे राहायला जातो आणि त्याच्या नावाचे ताट मांडणीतून नाहीसे होते. त्यावर माझे गाणे झाले. मुखडा असा आहे: ‘माझ्या नावाचं ताट मांडणीवरी, त्याच्या नावाचं माळ्यावरी.’

आमचे तबलजी म्हणतात की ‘त्याच्या’ऐवजी ‘तिच्या’ करा, गाणे कुठेही चालेल. ते मी करणार नाही. पण हे गाणे मी ‘मी’ म्हणून गावे, की ‘माझा एक मित्र आहे’ असे म्हणून त्याची गोष्ट सांगावी? जे जगणे माझे नाही ते माझ्या तोंडी घेण्याचा मला अधिकार आहे का? इतर गायकांनी हे कसे केले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ (नांदेड)

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवले आणि या प्रकारची इंग्रजी गाणी वर्गात पुष्कळदा ऐकवली, म्हणून सविस्तर लिहिते.

‘तो’ म्हणून सांगितलेल्या गाण्यांत मला रॉड स्टुअर्टचे १९७६ मधले ‘द किलिंग ऑफ जॉर्जी’ सर्वांत मोठे वाटते. स्टुअर्टच्या आधीच्या बँडच्या ओळखीतल्या एका खऱ्या तरुणावर ते रचलेले आहे. आईवडिलांना सत्य सांगितल्यावर घराला पारखा झालेला जॉर्जी बसने न्यूयॉर्कला येतो, तिथे सर्वांचा लाडका होतो, आणि एका रात्री घरी परतताना गुंडांच्या टोळीच्या हातून मारला जातो. गायक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मित्रच राहतो आणि अखेरीस त्याला नुसते थांब, जाऊ नकोस असे विनवतो. सहा मिनिटांहून लांब असलेले हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. माझी खंत एवढीच की अशा गाण्यांत समलिंगी माणूस बहुधा मरण्यासाठीच येतो. आपल्या गाण्यात दोघे जिवंत आहेत आणि रोज जेवतात, हे कृपया कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

‘मी’ म्हणून गाण्याचे उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीनचे आहे. एड्समुळे खंगत जाणाऱ्या समलिंगी वकिलावरच्या ‘फिलाडेल्फिया’ या १९९३ च्या चित्रपटासाठी त्याने जे गाणे लिहिले, त्याला ऑस्कर मिळाले. त्यात रोगाचे नाव नाही, समलिंगी हा शब्दही नाही. काचेत दिसणारा स्वतःचाच चेहरा ओळखता न येणारा एक माणूस तेवढा आहे, आणि स्प्रिंगस्टीन ते जवळजवळ पुटपुटल्यासारखे गातो. गाणे ऐकताना हा दुसऱ्याचे दुःख गातो आहे अशी शंका एकदाही येत नाही.

तिसरी वाट मॅकलमोरच्या ‘सेम लव्ह’ची (२०१२). कडव्यांमध्ये तो स्वतःचे बालपण आणि स्वतःची मते स्वतःच्या नावाने मांडतो. ध्रुवपदातला ‘मी’ मात्र मेरी लँबर्ट या गायिकेचा आहे, जी स्वतः समलिंगी आहे. म्हणजे ज्याचा ‘मी’ त्याच्याच गळ्यात राहिला. याउलट होझियरच्या ‘टेक मी टू चर्च’च्या शब्दांत प्रेयसी आहे, जमावाच्या तावडीत सापडलेले दोन पुरुष केवळ चित्रफितीत येतात. चित्रफीत न पाहता नुसते गाणे ऐकणाऱ्याला त्यातले काहीच कळत नाही, म्हणून मला ते अर्धे धाडस वाटते.

माझे मत विचाराल तर ‘मित्र’ म्हणूनच गावे. त्यात खोटे काही नाही.

दुधना (परभणी जिल्हा)

ताईंचा आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. मी समलिंगी आहे आणि तालुक्याच्या गावात राहतो.

‘दोस्ताना’ हा चित्रपट २००८ मध्ये आला. भाड्याच्या घरासाठी दोन पुरुष जोडपे असल्याचे सोंग करतात आणि त्यावर ‘माँ दा लाडला बिगड़ गया’ हे गाणे आहे. पुढच्याच उन्हाळ्यात चुलतभावाच्या वरातीत बँडवाल्याने ते वाजवले, तेव्हा नाचणाऱ्या पोरांनी मला हाताला धरून मध्ये ओढले, गोल केला आणि ध्रुवपद आले की सगळे माझ्याकडे बोट करत होते. मी अकरावीत होतो. माझी आई ओट्यावर अक्षता घेऊन उभी होती आणि हसावे की नाही हे तिला कळत नव्हते. म्हणून कोणी आपल्याविषयी गाणे करतो म्हटले की मी आधी घाबरतो.

दादा, आता आपल्या प्रश्नाकडे. आपण चार वर्षे कोणाबरोबर राहत होता हे लातुरात किती जणांना ठाऊक आहे? ‘माझा एक मित्र आहे’ असे आपण मंचावरून म्हणालात की दुसऱ्या दिवशी लोक तो मित्र शोधतील आणि त्यांना तो सापडेल. बातमी त्याच्या आईपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही. न्यूयॉर्क मोठे आहे, आपली गावे तशी नाहीत. ‘मी’ म्हणालात तर संशय आपल्यावर येईल, आणि आपल्याला तो झेलता येतो. आपले घर त्याने मोडणार नाही. आपल्याला अधिकार आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण ‘मी’ म्हटल्याने माझ्यासारख्या एखाद्याला आडोसा मिळतो. अट एकच. कार्यक्रमानंतर कोणी विचारले तर ‘छे, मी तसा नाही, हे नुसते गाणे आहे’ असे घाईने सांगू नका. कारण तेच उत्तर ऐकायला समोर कोणीतरी माझ्यासारखा उभा असेल. आणि गाण्याआधी मित्राला विचारा.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

थोडी भर घालतो. आमच्याच शहरातल्या सिराज औरंगाबादींच्या ‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़’ या १८व्या शतकातल्या गझलेला कव्वालांच्या पिढ्यांनी आपले म्हटले आहे. त्याच सिराजांच्या ‘बोस्तान-ए-ख़याल’ या मसनवीत, म्हणजे दीर्घ कथाकाव्यात, एका तरुणावरच्या प्रेमाची कथा कवी स्वतःच्या तोंडून सांगतो. एक सावधगिरी मात्र हवी. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी क्रियापद लावण्याचा संकेतच आहे, त्यामुळे प्रत्येक ‘वो आया’मध्ये पुरुष शोधणे चूक ठरते. तिथे व्याकरण झाकते. आपल्या मराठी ओळीत ‘त्याच्या’ हा शब्द उघडा पडतो, आणि म्हणूनच तबलजींना तो खुपला असावा. पैठणला नाथांच्या गवळणी गाताना दाढीमिशांचे पुरुष गोपीच्या तोंडचे शब्द गातात आणि त्यांना कोणी अधिकार विचारत नाही. आपण ‘मी’ म्हणूनच गा.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. नांदेडच्या ताईंचे म्हणणे वाचून माझे ‘मित्र’ असेच ठरत आले होते, पण परभणीच्या दादांनी लिहिले ते माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी मित्राचे नाव झाकत होतो आणि त्याचे दार उघडे टाकत होतो. वरातीतला तो प्रसंग आपण इथे लिहिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

रविवारी मित्राकडे गेलो आणि दोघांसमोर गाणे ‘मी’ म्हणून म्हटले. मित्र काही बोलला नाही. त्याचा जोडीदार, जो माझ्याशी एरवी चहापुरतेच बोलतो, तो म्हणाला की ओळ चुकली आहे. ताट माळ्यावर नसते. जाताना तो ते पिशवीत घालून बरोबर नेतो, आणि ते चार दिवस जिथे असेल तिथे त्याच ताटात जेवतो.

ओळ आता अशी झाली आहे: ‘माझ्या नावाचं ताट मांडणीत राहिलं, त्याच्या नावाचं पिशवीत चाललं.’ चाल थोडी लांबवावी लागली.