बदामाच्या आकाराचा केक करायचाय, बॅटर कितीपट घेऊ?

पीठसाखर:
पत्त्यातला बदाम असतो ना, त्या आकाराचा केक करायचाय आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, पण तसा टिन नाहीये. मागे एकदा 30 सेमीच्या चौकोनी केकमधून सुरीने बदाम कापला होता, आकार छान आला पण कडेचे इतके तुकडे उरले की बघवेना. माझी रेसिपी 20 सेमी गोल टिनची आहे, 3 अंडी लागतात, केक 5 सेमी उंच होतो. 20 चा चौकोनी टिनपण आहे घरात. बॅटर नक्की कितीपट करू? उगाच दुप्पट करून कमी पडलं तर काय, अशी धाकधूक आहे.

अर्धगोल:
दोन्ही टिन 20 चे आहेत ना, मग काम झालंच! दोन्ही केक भाजा, गोल केक बरोबर मधून कापा. चौकोनी केक टोक खाली येईल असा तिरपा ठेवा आणि वरच्या दोन बाजूंना ते अर्धे गोल लावा, कापलेली बाजू आत. चौकोनाची बाजू आणि गोलाचा व्यास सारखाच म्हणून कड कडेला जुळते.

आता हिशोब. चौकोन 20 × 20 म्हणजे 400, गोल 3.14 × 10 × 10 म्हणजे 314, एकूण 714 चौ. सेमी. तुमची रेसिपी 314 ची, म्हणजे 2.27 पट, अंडी 6.8 येतात तर 7 घ्या. गोल टिनमध्ये 1 वाटा, चौकोनीत 1.27 वाटा ओता म्हणजे उंची सारखी येईल. भाजायची वेळ मात्र अजिबात दुप्पट करू नका, जाडी तेवढीच आहे, फक्त चौकोनाचे कोपरे आधी सुकतात तिकडे लक्ष ठेवा. आणि बोर्ड मोठा घ्या, हा बदाम साधारण 34 सेमी रुंद आणि 31 सेमी उंच भरतो.
(मागच्या वेळी चौकोनातून कापलात तेव्हा जवळजवळ 39 टक्के केक बाजूला गेला असणार, तुमचा डोळा बरोबर होता.)

क्रीमवाली:
क्रीम पण 2.27 पट नका करू हं. वरचा भाग 714, बाहेरची कड 20 + 20 + 62.8 म्हणजे 102.8 सेमी, गुणिले उंची 5 म्हणजे 514, एकूण 1228. गोल केकला वर 314 आणि कडेला 314, 628. म्हणजे 1.96 पट पुरे.

अर्धगोल:
जोडाचं राहिलं! अर्धे गोल चिकटवायला मध्ये क्रीम लागतंच, दोन जोड, प्रत्येकी 20 × 5 म्हणजे मिळून 200. 1228 + 200 = 1428, आणि भागिले 628 केलं तर परत 2.27 च येतं. बाजू आणि व्यास सारखे असले की हे दरवेळी असंच जुळतं, मला ते फार आवडतं.

क्रीमवाली:
अरे हो, खरंच की! जोड धरलेच नव्हते मी. 2.27 च करा.

पीठसाखर:
झाला केक, मनापासून थँक्यू दोघांनाही! एक गोष्ट पुढे कुणी करेल त्यांच्यासाठी लिहिते, गोल केक गार झाल्यावर आवळला आणि 19.5 सेमीच भरला, त्यामुळे चौकोनाचं टोक पुढे आलं, मग चौकोनाच्या दोन बाजू अर्धा अर्धा सेमी तासल्या. तेव्हा टिन नाही, गार झालेला केक मोजा. क्रीम पुरलं, वाटीभर उरलं, जोड कुठे आहे ते आईला कापेपर्यंत कळलं नाही.